परक्या भाषेतला आकडा

वाचनालयाची खोली तिउ गास्पार यांची. भाडं घेत नाहीत, पण अट घातलेली: इथे इंडोनेशियन ऐकू आली की त्याच दिवशी खोली खाली करायची. तिउ म्हणजे अख्ख्या गावाचे काका, जंगलात इंडोनेशियन सैन्याशी लढलेले, आणि बोलले की करणारे. आमच्या वयाच्या बायकांची शाळा मात्र इंडोनेशियाच्या राजवटीत, त्याच भाषेत झाली. देशाच्या इतिहासावरची निम्मी पुस्तकंही तिच्यातच आहेत. ती मी मागच्या कपाटात ठेवते. मनातल्या मनात वाचा, ओठ हलवू नका, असं बजावते.

तरी हौस मलाच दांडगी. मे महिन्यातल्या स्वातंत्र्यदिनासाठी वाचनाची स्पर्धा ठेवली. महिनाभर इतिहास वाचायचा आणि त्या दिवशी एक पान सगळ्यांना आपल्या तेतुम भाषेत सांगायचं.

भाजी विकणाऱ्या एवारिस्ताने नेमकं मागच्या कपाटातलं पान निवडलं. आमच्याच वरच्या वाडीतल्या कत्तलीचं.

"दुसरं घे ना काहीतरी," मी म्हटलं. "जीभ घसरली तर मला इथून गाशा गुंडाळावा लागेल."

"लुडोविना, तू लोकांना वाचायला शिकवतेस की घाबरायला? दिवसभर बाजारात माझी जीभच तर चालते. नाही घसरत."

स्वातंत्र्यदिनी तिउ पहिल्या रांगेत बसले. एवारिस्ता पानावर नजर ठेवून तेतुममध्ये सांगत होती. सैनिक आले, माणसांना चॅपलच्या अंगणात बसवलं. छान चाललं होतं. मग ती आकड्यापाशी आली. भाजीचा भाव असो की फोन नंबर, आम्ही मोजतो इंडोनेशियनमध्येच. आकडा आला की जीभ आपसूक तिकडे वळते.

"त्या दिवशी अंगणात मेले," ती म्हणाली, "तिगा पुलुह तुजुह."

तिउ उठले.

"तिउ, तिच्या तोंडून चुकून..."

"तू गप्प बस." ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "किती म्हणालीस?"

तिने पानावर बोट ठेवलं. "सदतीस. पुस्तकात तसंच आहे, तिउ."

"पुस्तक चुकलंय."

ते भिंतीकडे बघायला लागले. त्यांच्या तोंडून ती भाषा मी जन्मात ऐकली नव्हती. "तिगा पुलुह एनाम," ते सावकाश म्हणाले. "तिगा पुलुह तुजुह." मग बराच वेळ थांबले. "तिगा पुलुह देलापान."

मला भयंकर भीती वाटली. खोली जाईल याची नव्हे, त्यांना काय होतंय याची.

"सैनिक प्रेतं मोजत होते," तिउ म्हणाले. "मी मक्याच्या कणगीमागे लपलो होतो, लहान होतो. शेवटी माझी आई. ती अजून हलत होती, म्हणून तिच्यापाशी थांबले, आणि मग मोजली. तेव्हा मला ती भाषा येत नव्हती. पुढच्या वर्षी त्यांच्या शाळेत बाईंनी फळ्यावर आकडे लिहिले, आम्हाला मोठ्याने म्हणायला लावले. तेव्हा कळलं ते काय म्हणत होते."

ते परत खुर्चीत बसले. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबले.

"खोली कोणी काढून घेत नाही," ते म्हणाले. "पुढे वाच, पोरी. फक्त तेवढा आकडा आधी आपल्या भाषेत सांग."

एवारिस्ताने पुस्तक मिटलं.

"अडतीस," ती म्हणाली.