एका रेघेचं अक्षर

अंबादासदादाचा हात आधी चालायचा, तोंड मागून. चुलतभाऊ असून रुपेशला त्याने कधी सोडलं नव्हतं. मंदीने बिल्डर गिळले, त्यांच्या मागोमाग पाट्यांची कामंही गेली. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या दादाच्या वर्कशॉपात एकच ऑर्डर उरली होती, मरीनातल्या चिनी रेस्टॉरंटची. मालकीण लिनबाईच्या वडिलांनी कुंचल्याने लिहिलेला चिनी ‘एक’ नव्या शाखेसाठी हुबेहूब हवा होता. म्हाताऱ्याचा हात आता थरथरे. अक्षर कसलं, नुसती आडवी रेघ! ती जमली नाही तर वर्कशॉपला टाळं, आणि दादाच्या व्हिसावर आलेला रुपेश थेट परतीच्या विमानात.

रुपेश रोल्लाच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवून तयार झालेला. पाटीवाला करतो तेच त्याने केलं. पेन्सिलीने कड आखली, आत शाई भरली. कुंचला वेगाने ओढला की शाई तुटून मध्ये कागदाचं पांढरं दिसतं. ते पांढरं त्याने बारीक ब्रशने कोरून कोरून ठेवलं. बिचारा खूशही होता.

लिनबाईने कागद उलटा करून उजेडाला धरला. “इंक सब जगह सेम. मेरा फादर दबाता था, फिर भागता था. ये मरा हुआ है.” उद्यापर्यंत दुसरं द्या म्हणून ती निघून गेली.

दार लागताच दादाने रुपेशचं तोंड टेबलावर आपटलं. ओठ फाटला. “रांगोळी भरतोस काय रे?” बरगडीत लाथ बसली. “यल्ला, चल, एका दमात काढ!”

रुपेशच्या मस्तकात तिडीक गेली. नव्या कागदावर त्याने शाईने निथळता कुंचला दाबला, सपकन ओढला, शेवटाला पुन्हा दाबला आणि त्याच झोकात कुंचल्याचा जाड दांडा दादाच्या तोंडावर हाणला. दादाचा दात पडला. दादाने हातोडी उचलली, रुपेशचं उजवं मनगट टेबलाच्या कडेवर दाबलं आणि घाव घातला. हाड मोडल्याचं दोघांनाही ऐकू आलं. रुपेश गुरासारखा ओरडत खाली कोसळला.

धापा टाकत दादा टेबलावर ओणवला आणि थबकला. रेघ सुरुवातीला दाट, पुढे धावत तुटलेली, शेवटी पुन्हा दाबलेली. थेट लिनबाईच्या बापाची! तो हसला, आणि तोंडातलं रक्त भळकन रेघेवर सांडलं. बाहीने पुसायला गेला, तर शाई आणि रक्त सगळंच फासलं गेलं.

“रुपेश,” इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो हळू आवाजात बोलला, “ऊठ रे बाळा. अशीच अजून एक काढ.”

रुपेशने हात वर केला. पंजा मनगटापासून लोंबत होता.