ढगाळ दिवशी बाबांचं डोकं दुखतं

संध्याकाळी सातला, लाकडाच्या वखारीत, दिवसभर तापलेल्या पत्र्याखाली, दोनशे माणसं दाटून उभी होती. मधोमध गुडघ्यांवर बसवलेली टेहळणीवाली. तिच्या ओठातून रक्त गळत होतं. वणव्यावर नजर ठेवायच्या जंगलातल्या मनोऱ्यावरून तिला केसांना धरून फरफटत आणलं होतं; वाटेत कुणीतरी काठीने खांदाही फोडला होता.

ती भट्टीवालीची सून. भट्टीवाली म्हणजे सगळ्या गावाला चुना भाजून देणारी म्हातारी. शाळा तीन इयत्ता, पण जीभ अशी की वखारीतल्या करवतीने धडा घ्यावा. सुनेशी तिचं पंधरा वर्षांत पटलं नव्हतं. मात्र सुनेला बोलायचा हक्क आपला एकटीचा, यावर ती ठाम होती. कोपरं मारत ती गर्दीतून पुढे आली.

चौथऱ्यावर धूरबाबा बसला होता. पुढ्यात पाण्याने भरलेलं घंगाळ, अंगावर घोंगडी. दरवर्षी उन्हाळा लांबत होता, पाऊस मागे सरकत होता आणि वणवा मोठा होत होता. आठ जणांच्या कवेत न मावणारी, हजार वर्षांची झाडं काडेपेटीतल्या काड्यांसारखी पेटत होती. माणसं घाबरली, आणि नेमका त्याच वेळी हा उगवला. घोंगडी डोक्यावरून ओढायचा, घंगाळात बघायचा, आणि डोंगराआडची आग मनोऱ्याच्याही आधी सांगायचा. धावत जावं तर खरंच आग. तेवढ्यावर भागेना, म्हणून तो आग लावणाराही सांगू लागला. पंधरा दिवसांपूर्वी त्याने डिंकवाल्याचं नाव घेतलं. लोकांनी डिंकवाल्याचा जबडा मोडला; अजून तो नळीने पाणी पितो.

"लेकरांनो," घोंगडीच्या आतून बाबा घुमला, "काळ्या कड्यापलीकडे पेटलंय. थोरली झाडं रडतायत, मला ऐकू येतंय. आणि लावणारी ही. आग हिलाच कशी दिसते? कारण हिचीच असते."

ओंडकेवाला घासलेटचा डबा घेऊन पुढे आला. "हिलाही कळू दे जळणं काय असतं."

"थांब रे, घाई कसली," भट्टीवाली म्हणाली. "बाबा, नीट बघा. किती झाडं?"

"शंभर. दीडशे. एक तर आत्ताच कोसळलं, अरेरे."

"कडाडून?"

"धरणी हादरली, माय."

"चुना असा कोसळतो हे माझ्या चाळीस वर्षांत मी पाहिलं नाही." ती गर्दीकडे वळली. "काळ्या कड्यापलीकडे काय आहे रे? दगडाची खाण. खाणीत माझी जुनी भट्टी. तीन वर्षं विझलेली, म्हणून या पाहुण्याला ठाऊक नाही. आज पहाटे मी ती पेटवली. भोवती नुसता खडक आणि पाण्याचे दोन टँकर. गवताची काडी नाही तिथे. ओंडकेवाल्या, टँकरवर तुझाच भाऊ आहे. लाव फोन."

त्याने लावला. ऐकता ऐकता त्याच्या हातातला डबा खाली आला.

भट्टीवालीने घोंगडी हिसकली. बाबाच्या मांडीवर मोबाईल होता. मोबाईलवर नकाशा, नकाशावर लाल ठिपका.

"ही त्याची दिव्य दृष्टी. वर उपग्रह फिरतो. दुपारी दीडच्या सुमारास आपल्या डोक्यावरून जातो. खाली खूप तापलेलं दिसलं की नकाशावर ठिपका पडतो, आणि दोन-तीन तासांनी तो कुणालाही बघता येतो. फुकट. म्हणून बाबांना चारनंतरच दिसतं. ढग आडवे आले की उपग्रहाला दिसत नाही, म्हणून ढगाळ दिवशी बाबांचं डोकं दुखतं. सुनेने हे मला महिन्यापूर्वी सांगितलं. मी म्हटलं, शहाणपणा पुरे, चुलीवरचं बघ. पण मग मी ढग मोजायला लागले."

"पण आग लावणारा?" मागून कुणीतरी विचारलं.

"उपग्रहाला खाली तापलंय एवढंच कळतं. झाड की भट्टी, तेही कळत नाही. पेटवणाऱ्याचं नाव कुठून कळणार? डिंकवाल्याने याच्या पाया पडायला नकार दिला होता. हिने याला मनोऱ्यावर चढू दिलं नव्हतं." तिने सुनेकडे बोट केलं. "मला वाटलं, आज माझं नाव घेईल. सापळा मी लावला आणि मार हिने खाल्ला."

गर्दी फिरली. कुणीतरी घंगाळ उचलून बाबाच्या तोंडावर हाणलं, नाकाचं हाड मोडलं. ओंडकेवाल्याने पुन्हा डबा उचलला. म्हातारी आडवी आली.

"ओत. आधी माझ्यावर ओत. जबडा याने मोडला नव्हता, तुम्ही मोडलात. याने नुसतं नाव घेतलं होतं. बांधा याला आणि पोलिसांना बोलवा. डिंकवाल्याच्या दारात माफी मागायला मात्र तुम्हीच जायचं."

तेवढ्यात सून खालून म्हणाली, "आई, इकडे बघा." पडलेला मोबाईल तिच्या हातात होता, त्यावर तिचं रक्त लागलं होतं. "इथे दुसरा ठिपका आहे. उत्तरेच्या जुन्या राईत, डोंगराआड, मनोऱ्यावरून दिसत नाही तिथे. हा भट्टीचा नाही."

"कधीचा?"

"दीडचाच."

सगळे बाबाकडे बघू लागले.

"हा उद्यासाठी राखून ठेवला होता," भट्टीवाली म्हणाली. "उद्या पुन्हा दर्शन, पुन्हा एक नाव. तिथली जाळरेषा खणली आहे का कुणी?"

आग अडवायला दरवर्षी झाडांमधून मोकळा पट्टा काढायचे, तो यंदा काढलाच नव्हता. बाबाने तिथे मंतरलेली राख टाकली होती.

घासलेटचा डबा तिथेच राहिला. लोकांनी फावडी उचलली. रात्रभर खणलेला पट्टा पहाटे आगीला अडवून राहिला. तोवर निम्मी राई पडली होती. बापजाद्यांच्याही आधीपासून उभी असलेली झाडं, चारला दिसलेला ठिपका बाबाने लपवला आणि तीन तास उशीर झाला म्हणून गेली.

खांद्याला पट्टी बांधलेल्या सुनेचा हात धरून भट्टीवाली गरम राखेच्या कडेला उभी होती.

"पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला तर पाया पडायच्या आधी दोन गोष्टी विचारा," ती लोकांना म्हणाली. "तुला कसं कळलं? आणि रोज का कळत नाही? तो उत्तर देत नसेल तर आपण शोधायचं, आणि शोधेपर्यंत कुणावर हात उचलायचा नाही. वणवा उन्हाने वाळलेल्या पाल्यातून येतो, विजेतून येतो, तुमच्या विडीच्या थोटकातून येतो. राखेने तो अडत नाही, फावड्याने अडतो. आणि ठिपका बघायला दिव्य दृष्टी लागत नाही. तीन इयत्ता शिकलेल्या म्हातारीलाही तो दिसतो. फक्त सून सांगत असताना ऐकायला हवं."