अडखळलं की चुकलं

इस्त्रीच्या दुकानामागच्या खोलीत आजी रोज संध्याकाळी नातीचा गृहपाठ घ्यायची. स्वतः दुसरीतच शाळा सोडलेली, पण तपासणी कडक. विज्ञान, इतिहास, भूगोल, जे असेल ते पोरीनं समोर उभं राहून घडाघडा सांगायचं. जीभ अडखळली की चुकलं, पुन्हा वाच. नाही अडखळली की बरोबर, जा खेळायला. सून शिकलेली होती, तरी हे काम मुलानं आजीकडे सोपवलेलं, आणि त्या मानावर तिची मान ताठ असायची. पोरगी तर कित्येक महिन्यांत कुठे अडखळलीच नव्हती.

त्या दिवशी शाळेतल्या बाई कपडे न्यायला आल्या. घडी घालता घालता आजीनं विषय काढलाच.

"शिकवता तुम्ही, पण पक्कं मी करून घेते हो. विचारा काहीही. देवमासा वर्षाला एकच अंडं घालतो, आणि ते पाण्यावर तरंगतं."

बाई गोंधळल्या. "देवमाशाला पिल्लं होतात, आजी. अंडी नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?"

आजीनं मुलाकडे पाहिलं. तो मान खाली घालून एका कॉलरवर इस्त्री फिरवत होता. खांदे मात्र हलत होते.

बाई गेल्यावर तिनं विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"अगं, पोरच ती. खेळायची घाई असते, देते काहीतरी ठोकून. तुला बरं वाटायचं, म्हणून आम्ही दोघं गप्प बसलो."

"दोघं. म्हणजे घरभर करमणूक चालली होती माझी. तिकीट तरी लावायचं होतंस."

आता तो हसत नव्हता.

संध्याकाळी नात पुस्तक छातीशी धरून समोर उभी राहिली. डोळे रडून सुजलेले.

"आजी, आज खरंच वाचलंय. चंद्राला स्वतःचा... स्वतःचा उजेड नसतो. सूर्याचा पडतो त्याच्यावर."

आजी तिचा चेहरा निरखत राहिली. अंड्याच्या वेळीही तो असाच तर होता, निरागस.

"आईला म्हणून दाखव जा. तिला वाचता येतं."

"पण हे खरं आहे, आजी."

"असेल. मला कुठे कळतंय?"

पोरगी हलेना. मग आजीच उठली, आपली खुर्ची उचलून दुकानात घेऊन गेली आणि रस्त्याकडे तोंड करून बसली.