चार बोटं तोकडी

उत्तरेश्वर देशमुखाला गोदाकाठच्या गावांत सगळे 'ताड' म्हणत, आणि तोंडावर म्हणत. कारण एवढ्या उंचीवरच्या कानाला ऐकू जायचं तर मागून कुजबुजण्यात अर्थ नव्हता. त्याच्या शिडशिडीत, लांबलचक देहाचा त्याला आजवर फायदाच झालेला. हरभऱ्यात शिरलेलं जनावर सगळ्यांच्या आधी त्याला दिसायचं, आणि आजोबांची ठासणीची बंदूक उचलली की ते जनावर मागं परत जायचं नाही. आजोबाही असेच ताड होते. ती बंदूक त्यांच्या मापानं घडवलेली.

गेल्या साली बाप वारला आणि गावची पोलीस पाटीलकी मोकळी झाली. हक्क दोन घरांचा : एक उत्तरेश्वराचं, दुसरं त्याचा चुलतभाऊ बंकट याचं. बंकट बुटका, गोल, गोड बोलणारा. भांडण बीडच्या कचेरीत गेलं. तिथले तालुकदारसाहेब म्हणजे जिल्ह्याचे मालक, आणि शिकारीचे पक्के नादी. दोघांची वंशावळ ऐकता ऐकता त्यांना जांभई आली. म्हणाले, हिवाळ्यात आमचा मुक्काम गेवराईला पडेल. तेव्हा दोघं या. दरोडा पडला तर चोर वंशावळ विचारत नाही. ज्याचा नेम खरा, त्याला सनद.

हे ऐकून उत्तरेश्वरानं पाटीलकी मनातल्या मनात आपल्या खात्यावर जमा करून टाकली. बंकटला बंदूक धरायची ती कोणत्या टोकानं, इथून सुरुवात. पण भादव्यात डुकरावर बार काढताना आजोबांच्या बंदुकीची नळी फुटली. हात वाचला, बंदूक गेली.

मग परवान्यासाठी खेटे झाले. तो हातात पडला तेव्हा नवरात्र बसलं होतं. औरंगाबादच्या छावणीत एका पारशाच्या दुकानात बारीक काडतुसाच्या विलायती रायफली मिळतात, असं कळलं होतं. त्यांचा घोडा काडतुसाच्या बुडाला मधे मारत नाही, काठावर टिचकी मारतो. आवाज कमी, धूर कमी, नेम सुईसारखा. निघताना आई केसरबाईनं बजावलं, "आन् ध्यानात ठिव, पूजा झाल्याबिगर खांद्याला लावायची न्हाई. नवं हत्यार आधी देवीचं, मग आपलं."

"मला का ठाव न्हाई?" तो म्हणाला.

दुकानदारानं तीन रायफली काढून ठेवल्या आणि म्हणाला, "खांद्याला लावून बघा, पाटील. माणूस उंच आहे, मागचा लाकडी दस्ता खांद्याला बसतो की नाही ते बघावं लागेल."

"ते जमत न्हाई. पुजल्याशिवाय आमी लावीत न्हाई."

"मग कशी पसंत करणार?"

उत्तरेश्वरानं ती काठी निवडावी तशी निवडली. एकेक रायफल जमिनीवर उभी केली आणि शेजारी आपण उभा राहिला. पहिली मांडीपाशी संपली, दुसरी थोडी वर. तिसरी कमरेच्या वर आली. लांब माणसाला लांब नळी, हिशोब सरळ होता. आजोबांची बंदूक तशीच तर होती. पारशानं एकदा तोंड उघडलं, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काडतुसांचा डबा पुढं सरकवला.

खंडेनवमीला केसरबाईनं रायफलीला हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला, नारळ फोडला, दस्त्याला साखर लावली. दसऱ्याच्या सकाळी उत्तरेश्वर गावाबाहेर ओढ्याच्या काठी गेला, समोर एक मडकं ठेवलं आणि रायफल खांद्याला लावली.

लावली, आणि त्याचं नाक त्याच्याच अंगठ्यावर जाऊन बसलं. नळी लांब होती, पण दस्ता एखाद्या पोरसवदा गोऱ्याच्या मापाचा. मान आखडून डोळा नळीवरच्या नेमाच्या खाचेपाशी आणावा तर खाच दिसेना, नुसतं धुकं. मान मोकळी सोडावी तर दस्ता खांद्याला टेकेना. गोळ्या ओढ्यात, बाभळीत, आभाळात गेल्या. मडकं हललं नाही.

दस्ता चार बोटं तोकडा होता. एवढंच. चार बोटं सागवान मागून जोडलं की काम झालं. तो तसाच तात्याबा सुताराकडे गेला.

तात्याबानं रायफल हातात घेतली, फिरवली आणि दस्त्यावरचं कुंकू बघून पुन्हा त्याच्या हातात दिली.

"पुजली का?"

"पुजली."

"मग न्हाई जमायचं. हिचं बूड करवतीनं सारखं केल्याबिगर जोड बसत न्हाई. आन् पुजलेल्या हत्याराला करवत लावायची न्हाई. परवा आनली असती तर संध्याकाळपस्तोर करून दिलं असतं."

"तात्याबा, पाटीलकी जातीय माझी."

"मला पोरंबाळं हायत, देशमुख. देवीचा कोप न्हाई परवडायचा. अन् मी न्हाई म्हनल्यावर दुसरा कोन हात लावतुय, बगा बरं फिरून."

तो फिरला. कुणी लावला नाही. घरी आईपुढं विषय काढला तर ती म्हणाली, "देवीच्या पाठीला करवत लाव. मी तवर हिरीवर जाऊन येते." विहिरीवर काय करायला जाणार, हे तिनं सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

शेवटी उपाय त्याचा त्यालाच सापडला. जाड घोंगडीची घडी खांद्यावर टाकली आणि दस्ता तिच्यावर टेकवला. चार बोटं भरून निघाली. डोळा खाचेपुढं नीट आला, मडकं फुटलं. दुसरं फुटलं. कार्तिकभर त्यानं गावातली फुटकी-धड सगळी मडकी संपवली, आणि पाटीलकी परत खात्यावर जमा झाली.

गेवराईच्या मुक्कामावर तंबू, चपराशी, बघ्यांची गर्दी. हुजूरसमोर जायचं म्हणून उत्तरेश्वरानं मागून आणलेली शेरवानी घातली होती. तिच्या बाह्या कोपराखाली थोड्याशाच येत होत्या. डोक्याला दस्तार, कमरेला पट्टा, आणि या सगळ्यावर खांद्याला घोंगडी. दूर एका दगडावर मडकं ठेवलेलं.

तालुकदारसाहेबांनी चहाचा पेला खाली ठेवला. "ये क्या है? दरबारकू आये या खेत की रखवालीकू?"

"हुजूर, दस्ता तोकडा हाय. घोंगडीबिगर नेम लागत न्हाई."

साहेबांनी आपल्या कारकुनाकडे, पेशकाराकडे पाहिलं. पेशकारानं चपराशाकडे. चपराशानं घोंगडी उचलून घेतली, झटकली आणि लांब नेऊन ठेवली. हुजूरपुढं असल्या पोशाखात कुणी उभं राहत नाही, पेशकार हळूच म्हणाला. सनद हवी ना?

उत्तरेश्वर मडक्याकडे बघत राहिला. ते त्याला स्पष्ट दिसत होतं, त्याची चीरसुद्धा. रायफल खांद्याला लावली आणि ते दिसेनासं झालं. नाकाला अंगठा लागला, दस्तार कपाळावर सरकली. तीन गोळ्या. पहिल्या गोळीला लोक गप्प होते, दुसरीला खोकले, तिसरीला हसले.

"अब तुम," साहेब बंकटला म्हणाले.

बंकटनं हात जोडले. "सरकार, माझ्यापाशी बंदूक न्हाई."

"भाईची घे की. दोघांना एकच हत्यार, हाच इन्साफ."

उत्तरेश्वरानं रायफल दिली. देण्यावाचून काय करणार? बंकटनं ती भीतभीतच उचलली, आणि ती त्याच्या खांद्यात अशी जाऊन बसली की जणू विलायतेत कुणी त्याच्याच बगलेचं माप घेऊन गेलं होतं. गाल दस्त्यावर, डोळा खाचेवर, कुठं ओढाताण नाही. पहिली गोळी दगडाला लागली. दुसरीला मडकं फुटलं.

बंकट स्वतः सगळ्यांत जास्त दचकला. साहेबांनी "शाबास, पाटील" म्हटलं आणि पेशकारानं लिहून घेतलं.

तंबूमागं बंकट त्याला शोधत आला. चेहरा पडलेला, आवाज गोड.

"दादा, मला खरंच वाटलं नव्हतं बग."

"मलाबी न्हाई."

"उद्या साहेबाला सशांवर न्यायचंय. त्यांनी सांगितलं, पाटलानं रायफल घेऊन संगं यावं." तो घुटमळला. "पन परवाना तुझ्या नावावर हाय. तू न्हाई आलास तर मला हात लावता यायचा न्हाई, कायदा हाय. तवा तुला यावंच लागंल, दादा."

"बरं."

"मी चालवीन. तू निस्ती काडतुसं धर."

उत्तरेश्वरानं नकार द्यायला तोंड उघडलं. तंबूच्या कोपऱ्याशी पेशकार उभा होता, दोघांकडे बघत.

"कवा निगायचं?" त्यानं विचारलं.