धोंडाबाईच्या हातातला दोर

मित्रांनो, मी एक जुना मास्क आहे. डॉक्टर तोंडाला बांधतात तो नव्हे, तर पाण्याखाली बघण्यासाठी डोळ्यांवर आणि नाकावर चढवतात तो. काळं रबर, पुढे जाड काच, मागे डोक्याला अडकवायचा पट्टा, आणि सोबतीला तोंडात धरून श्वास घ्यायची एक वाकडी नळी. नाशिकच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत, कपाटाच्या वरच्या फळीवर आम्ही दोघं राहतो.

तुम्हाला वाटेल, जो पाण्यासाठीच जन्मला त्याला पाण्याची कसली भीती? पण मला भीती वाटते. मला फक्त समोरचं दिसतं. बाजूनं काय येतंय, पाठीमागं काय आहे, काही कळत नाही. आणि ज्याच्या चेहऱ्यावर मी बसतो त्याची भीतीसुद्धा माझ्यात उतरते. माणूस घाबरला की त्याच्या कपाळाची शीर माझ्या रबराखाली उडू लागते, नाकातला श्वास गरम होतो आणि माझी काच आतून धुरकटते. मग त्यालाही दिसत नाही आणि मलाही.

माझा जन्म कुठल्या तरी परदेशी कारखान्यात झाला. साच्यातून बाहेर पडलो, खोक्यात बसलो, बोटीनं मुंबईला आलो आणि सहादू नावाच्या पाणबुड्याच्या हाती लागलो. सहादू मूळचा नाशिकचा. मुंबईच्या गोदीत मोठमोठ्या जहाजांच्या खाली शिरून तो त्यांच्या पोटाला चिकटलेले शिंपले खरवडायचा. तिथलं पाणी इतकं काळं, की हाताला लागेल तेच खरं. डोक्यावर जहाजाचं अवाढव्य पोट आणि खाली चिखल. मी जीव मुठीत धरून त्याच्या चेहऱ्याला घट्ट चिकटून राहायचो. तो वर आला की मला गोड्या पाण्यानं धुवायचा, फडक्यानं पुसायचा आणि म्हणायचा, "शाबास रे गड्या." एवढंच माझं कौतुक. पण ते रोजचं होतं.

पुढे सहादू थकला आणि नाशिकला परतला. पंचवटीत त्याची थोरली बहीण धोंडाबाई राहायची. तिच्याच शेजारी त्यानं खोली घेतली. मी त्याच्या पत्र्याच्या पेटीत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून राहिलो. माझं रबर सुरकुतू लागलं. आता आपलं संपलं, असंच मला वाटायचं.

धोंडाबाई गंगेवर भाजी विकायची. नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. तिला दोन मुलं होती. थोरला मल्हारी आणि धाकटी चंद्रभागा. मल्हारी पट्टीचा पोहणारा. बहिणीलाही त्यानंच पोहायला शिकवलं. एका पावसाळ्यात पाणी बाजारात शिरलं, आईची हातगाडी वाहू लागली आणि मल्हारी तिच्यामागे गेला. हातगाडी पुढे पुलाला अडकून सापडली. मल्हारी सापडला नाही.

तेव्हापासून धोंडाबाई नदीकडे पाठ करून भाजी विकायला बसायची. गिऱ्हाईक बोलत असलं तरी पाण्याचा आवाज वाढला की तिचे हात थांबायचे. घरात एकच नियम झाला. चंद्रभागेनं पाण्यात पाऊल टाकायचं नाही.

चंद्रभागा शिकली आणि गंगापूर रोडच्या एका शाळेत विज्ञानाची शिक्षिका झाली. एक्क्याऐंशी साल असेल. आठवीच्या वर्गात ती प्रवाळ शिकवत होती. टेबलावर पांढरा, भोकाभोकांचा एक तुकडा ठेवला होता. एक मुलगी म्हणाली, "बाई, हा तर दगड आहे. हा जिवंत कसा असेल?"

"जिवंत असताना असा नसतो तो. रंगीत असतो. त्यात बारीक बारीक प्राणी राहतात."

"तुम्ही पाहिलाय?"

संध्याकाळी चंद्रभागेनं ही गोष्ट मामाला सांगितली. सहादू हसला. "मालवणच्या किल्ल्याजवळ हाय असलं. आमच्या गोदीत तिकडचे लोक होते, त्यांच्या तोंडून ऐकलंय. वरून नुसतं डोकं बुडवलं तरी दिसतं म्हणे." मग त्यानं पेटी उघडली.

मला उजेड दिसला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. पण चंद्रभागेनं मला नुसतं दोन बोटांनी, अंगापासून लांब धरलं. तिलाही पाण्याची भीती होती, मित्रांनो. भावाला नेलं त्या पाण्याची. तरीही तिला बघायचं होतं.

मखमलाबादला सहादूच्या ओळखीच्या एका बागायतदाराची विहीर होती. तिथे तिचे धडे सुरू झाले. काचेला आतून थुंकी चोळायची म्हणजे ती धुरकटत नाही, नळीत पाणी शिरलं तर जोरात फुंकर मारायची, नाकानं श्वास घ्यायचा नाही. पहिल्या दिवशी तिनं डोकं बुडवलं आणि लगेच बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग हळूहळू तिचा श्वास शांत झाला आणि मलाही धीर आला.

पण मी एक खूण मागे ठेवतो. माझ्या कडेचा लाल वळ चेहऱ्यावर बराच वेळ राहतो. एका संध्याकाळी धोंडाबाईनं तो पाहिला.

"चंदे, हे कपाळावर काय उठलंय?"

चंद्रभागा खोटं बोलली नाही. तिनं पिशवीतून मला काढून आईपुढे ठेवलं. धोंडाबाईनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच तिच्या मल्हारीला ओढून नेलं होतं. ती ओरडली नाही. तिनं मला उचललं आणि कांद्याच्या पोत्यात खोल कोंबलं.

"अक्का, अगं ऐक तर," सहादू म्हणाला.

"तू बोलू नको. तुझं आयुष्य पाण्यात गेलं तरी तू माघारी आलास. माझा नाय आला."

पुढचे दिवस मी कांद्यांखाली घुसमटून काढले. पोतं हललं की वाटायचं, आता आपण कुणा अनोळखी माणसाच्या घरी जाणार. वरून आवाज तेवढे ऐकू यायचे. चंद्रभागा हट्ट करत नव्हती, रडतही नव्हती. फक्त एकदा म्हणाली, "आई, तू नको म्हणालीस तर मी जाणार नाही. पण मला पाण्याकडं बघितलं की अजून दादाच दिसतो. तुलाही तोच दिसतो ना?"

मग पोत्यात धोंडाबाईचा हात शिरला आणि मी वर आलो.

"जायचंच हाय ना? मग मी येते. तुझ्या कमरेला दोर बांधीन आन् दुसरं टोक माझ्या हातात राहील. मल्हारीच्या येळेला माझ्या हातात काय नव्हतं."

नाताळच्या सुट्टीत दोघी मालवणला निघाल्या. सहादूला आता एवढा प्रवास झेपत नव्हता. त्यानं माझा पट्टा ओढून पाहिला आणि बहिणीच्या हाती जाडजूड दोर दिला. एसटीत धोंडाबाईनं मला मांडीवर धरलं होतं. धरलं होतं म्हणण्यापेक्षा, मी पळून जाऊ नये म्हणून आवळलं होतं.

समुद्र दिसला तेव्हा ती थबकली. "याचा पलीकडचा काठ कुठाय?"

"तो दिसत नाही, आई."

"मग हा थांबतो कुठं?" तिनं विचारलं.

होडी पास्कू नावाच्या कोळ्याची होती. किल्ल्याच्या तटापासून थोडं दूर, लाटा जिथे खडकांवर पांढऱ्या फुटत होत्या, त्यांच्या अलीकडे त्यानं नांगर टाकला. चंद्रभागेनं सलवार-कमीज घातली होती. धोंडाबाईनं तिच्या कमरेला दोर बांधला, गाठ ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली आणि दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळून ती होडीच्या मधोमध बसली.

आम्ही पाण्यात उतरलो. आधी काहीच दिसलं नाही, नुसता हिरवा धूसरपणा. माझ्या रबराखाली तिची शीर धडधडत होती. मग नजर स्थिरावली आणि खाली दगडांना मोहर आल्यासारखं दिसलं. तपकिरी, पिवळट, जांभळी झुडपं. काही हरणाच्या शिंगांसारखी फुटलेली, काही मेंदूसारखी गोल. त्यांतून चट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे आत-बाहेर करत होते. चंद्रभागा नळीतून हसली. त्याचा चमत्कारिक आवाज आला. माझ्या सगळ्या आयुष्यात पाण्याखाली हसणारी ती पहिलीच.

बघता बघता ती पुढे गेली. मला फक्त समोरचं दिसतं, हे मी तुम्हाला सांगितलंय. पाण्याची ओढ आम्हाला एका मोठ्या खडकाला वळसा घालून नेते आहे, हे ना मला कळलं ना तिला. एक लाट आली आणि नळीत पाणी शिरलं. तिनं फुंकर मारली, पण ठसका लागला. तिनं डोकं वर काढलं आणि हात हलवला.

होडीतून धोंडाबाईनं तो हात पाहिला आणि दोर ओढला.

दोर खाली खडकाच्या खाचेत, प्रवाळात अडकला होता. आई ओढत होती होडीकडे, पण चंद्रभागा ओढली जात होती खाली. तिचं डोकं बुडालं. माझ्या कडेतून पाणी आत घुसलं, तिचे डोळे मला खारट पाण्यात दिसेनासे झाले. वर पाणी चमकत होतं. हातभर अंतर, पण ते पार होत नव्हतं. ती कमरेची गाठ चाचपत होती. गाठ ताणानं दगडासारखी झाली होती. मी इतका भ्यालो, मित्रांनो, की गोदीतलं काळं पाणीही मला घरासारखं वाटलं.

वरून पास्कूचा आवाज आला. "आये, दोर सोडा! वडू नकात!"

"नाय सोडणार!"

"अडाकलो हा तो! तुमी चेडवाक, लेकीक खालीच वडतास! सोडा!"

ती बाई दोर सोडेना. पास्कूनं पुढे सांगितलं, की तिच्या मनगटातून रक्त आलं होतं आणि तरी ती पाय रोवून ओढत होती. एकदा हातात काही नव्हतं म्हणून पोरगा गेला. आता हातात होतं, तर पास्कू ते सोडायला सांगत होता.

मग तिनं मनगटाचे वेढे उलगडले आणि दोर सोडला.

ताण गेला. चंद्रभागा बुचासारखी वर आली, खोकली, ओकली, श्वास ओढला. पास्कूनं वल्हं पुढे केलं. ती होडीत चढताच धोंडाबाईनं तिच्या थोबाडीत मारली आणि लगेच तिला पदरात घेऊन हमसून रडू लागली. चंद्रभागाही रडली. मी तिच्या गळ्यात लोंबकळत होतो आणि माझ्यातून समुद्राचं पाणी टपकत होतं.

पास्कूनं नांगराचा दोर सैल सोडून होडी फिरवली आणि दुसऱ्या बाजूनं दोर मोकळा केला. दोराबरोबर प्रवाळाची एक फांदी मोडून आली. तपकिरी, ओली, चिकट. चंद्रभागेनं ती तळहातावर धरली. "हा जिवंत आहे, आई. आत्ता या क्षणी जिवंत आहे." तिनं ती हलकेच पाण्यात सोडली. पण मोडलेलं पुन्हा आपल्या जागी बसत नाही.

पास्कू नांगर उचलायला वाकला. तेव्हा धोंडाबाई म्हणाली, "थांब. तो चष्मा दे इकडं."

"आई?"

"मला बघायचंय. खाली काय असतं ते एकदा बघायचंय."

चंद्रभागेनं मला धुतलं, काचेला थुंकी चोळली आणि आईच्या चेहऱ्यावर चढवलं. अंबाड्यात पट्टा अडकला, तो सोडवला. धोंडाबाईनं होडीची कड दोन्ही हातांनी धरली. मागून लेकीनं तिची कंबर धरली. तिच्या कपाळाची शीर अशी उडत होती, की मी निसटून पडतो की काय असं मला वाटलं. तिनं डोळे मिटूनच चेहरा पाण्यात घातला. इतकी वर्षं पाण्याखाली तिला काय दिसत होतं, ते मला त्या मिटलेल्या डोळ्यांवरून कळलं. चिखल, काळोख आणि त्यात एकटा पडलेला पोरगा.

मग तिनं डोळे उघडले.

श्वास संपेपर्यंत ती बघत राहिली. वर आली, श्वास घेतला, पुन्हा वाकली. तिसऱ्यांदा वर आली तेव्हा माझ्या आत पाणी होतं, पण ते समुद्राचं नव्हतं. एका थेंबाचीही गळती नसताना ते आलं होतं.

"चंदे," ती म्हणाली, "खाली उजेड हाय गं. लय उजेड हाय."

नाशिकला परतल्यावर चंद्रभागा मला वर्गात घेऊन गेली. मुलींनी मला हातोहात फिरवलं आणि तिनं त्यांना सगळं सांगितलं, घाबरल्याचंसुद्धा. पुढे काही वर्षं ती दर नाताळात मालवणला जात राहिली आणि परत आल्यावर रबर खराब होऊ नये म्हणून मला पावडर लावून ठेवायची. नंतर तिची बदली दुसऱ्या शाळेत झाली. मुलींना दाखवायला म्हणून मी इथेच राहिलो. आता कुणी मला उघडून बघत नाही. माझा पट्टा चिरला आहे आणि काचेच्या कडेला बुरशी धरली आहे. उन्हाळ्यात कपाट तापलं की वाटतं, रबर आता तडकणार.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू तुमच्या शाळेतही असतील. त्यांना अधूनमधून पुसा, सावलीत ठेवा. आणि कधी समुद्रात उतरलात, तर प्रवाळावर पाय देऊ नका, दोर टाकू नका, आठवण म्हणून फांदी मोडून आणू नका. आपण घाबरलो तर वर येतो, होडीत चढतो, आईच्या पदरात शिरतो. प्रवाळ जिवंत आहे, पण त्याला जागेवरून हलता येत नाही.