बांधाखालची माझी भावंडं

मित्रांनो, मी भाजलेल्या मातीचा एक जुना नळ आहे. हातभर लांब, मनगट जाईल एवढा रुंद, दोन्ही तोंडांनी उघडा. माझी हजारभर भावंडं इथल्या दलदलीत जमिनीखाली ओळीने पुरलेली आहेत. मी तेवढा उरलो, म्हणून पूर्व फ्रिसलंडमधल्या रेमर नावाच्या शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात खिडकीत उभा आहे. माझ्यात चहाचे चमचे ठेवतात. पासष्ट वर्षं चमचे सांभाळले, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आम्हाला भट्टीत भाजलं ते दलदल सुकवण्यासाठी. रेमर आणि त्याच्या वडिलांनी कमरेएवढे चर खणले, आम्हाला तोंडाला तोंड लावून मांडलं आणि वर माती लोटली. पाणी आमच्या सांध्यांतून आत शिरे आणि उताराने निघून जाई. दोन वर्षांत तिथे गवत आलं, गाई आल्या. गाव आमचं कौतुक करी. पण ती काळी माती, जिला पीट म्हणतात, हजारो वर्षांचं शेवाळ साठून झालेली. ओली आहे तोवर टिकते, कोरडी पडली की खचते आणि हवेत विरते. रेमरच्या गोठ्याची पायरी आज जमिनीपासून गुडघाभर वर लोंबकळते आहे. आम्ही इमानाने काम केलं आणि त्यातच घात केला, हे मला कबूल आहे.

चार वर्षांपूर्वी सरकारी कचेरीतून ब्रांडिसबाई आल्या. दलदल पुन्हा ओली करायची योजना त्यांच्या हाती होती. बाई कष्टाळू. सळई खुपसून त्यांनी पीटची खोली मोजली, जमिनीचे चढउतार मोजले, एकेका शेतकऱ्याची सही मिळवली. उघडे चर बुजवायचे आणि उताराच्या कडेला पीटचाच लांब बांध घालायचा, असं ठरलं. बांधाच्या खालच्या अंगाला घर एकच होतं, रेमरची धाकटी बहीण टाल्के हिचं.

काम सुरू होण्याआधी बाई शेवटची चौकशी करायला आल्या. जमिनीखाली जुने नळ आहेत का, कचेरीच्या नकाशात तर दिसत नाहीत, असं त्यांनी बसता बसताच विचारलं. आता इथली रीत अशी, की पाहुण्याला चहा तीन कप. पहिल्याला हवापाणी, दुसऱ्याला गुरंढोरं, कामाचं बोलणं तिसऱ्याला. रेमर म्हणाला, आधी चहा घ्या. बाईंनी एक कप घेतला, घड्याळ पाहिलं आणि रिकाम्या कपात चमचा ठेवला. म्हणजे पुरे, आता ओतू नका. रेमरने किटली खाली ठेवली आणि तोंडही मिटलं. बाई काय म्हणाल्या, असं संध्याकाळी टाल्केने विचारलं, तेव्हा म्हणाला, "काही नाही. घाईत होत्या." मला बाईंचा राग आला, आणि त्याचा त्याहून जास्त.

बांध झाला. हिवाळ्यात त्यामागे पाणी साठलं. पाहणीला माणसं आली, फोटो निघाले. मी मात्र घाबरलो होतो. आमच्या ओळी त्या बांधाखालून जातात. त्यांतून पाणी जोराने निघालं, की भोवतीचं पीट कणाकणाने धुऊन नेतं. वरून बांध भक्कम दिसतो आणि आतून पोखरत जातो.

फेब्रुवारीत टाल्के चहाला आली. "पंधरा दिवसांत थेंब पडला नाही, आणि माझ्या परसातला ओहोळ काळाभोर वाहतोय," ती म्हणाली. रेमरचा हात थांबला. मग त्याने तिला सगळं सांगितलं.

टाल्केने कप बाजूला सारला. "म्हणजे माझ्या उशाशी तळं बांधलं, त्याला भोक आहे हे तुला ठाऊक होतं. आणि तू एका चमच्यावरून रुसून बसलास."

"चुकलो गं," रेमर म्हणाला. ऐंशी वर्षांच्या माणसाला असं रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

टाल्के आपली पिशवी घेऊन इथे राहायला आली. तिने कळवलं तशी ब्रांडिसबाईंनी त्याच दिवशी पाणी उतरवलं. रेमर काठी टेकत बांधावरून चालला आणि एकेक ओळ दाखवत गेला. जिथे काठी टेकली तिथे नळ निघाले. सहाही ओळी खणून, चिकणमाती ठासून बंद केल्या. त्यानंतर बाई इथे बसल्या आणि तीनही कप सावकाश प्यायल्या. तिसऱ्या कपाला त्यांनी विचारलं, "नक्की सहाच ना?"

"माझ्या हातांनी मांडल्यात. सहाच."

तो खोटं बोलला नाही. मित्रांनो, त्या वर्षी शरदात तो पाय मोडून अंथरुणात होता. सातवी ओळ त्याच्या वडिलांनी एकट्याने घातली आणि आपल्या स्वभावाप्रमाणे कुणाला सांगितली नाही. मी त्याच ओळीतला उरलेला नळ. तीही बांधाखालूनच जाते, पण ओहोळाला मिळत नाही, थेट पलीकडच्या कालव्यात पाण्याखाली उघडते. तिथला गढूळपणा कुणाला दिसणार?

ओहोळ निवळला आहे. बांधामागचं पाणी पुन्हा ठरलेल्या खुणेपर्यंत चढवलं आहे. जमिनीत काही पुराल तर कुठे पुरलं ते लिहून ठेवा, मित्रांनो, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते हयात आहेत तोवर विचारा. मला कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी मला बोलता येत नाही.

खिडकीतून बांध दिसतो. टाल्केच्या छपराच्या नेमका वर तो बोटभर खचला आहे. काल खचलेला नव्हता. टाल्केने आताच पिशवी उचलली, भावाला म्हणाली, "येते रे," आणि बांधाखालच्या वाटेने घरी निघाली.