दारातला चिखल्या

चिखल्या हा आम्ही खेळायचो त्या गेममधला सगळ्यात भिकार वंश. पंखवाल्यांना उडता येतं, वाघमुख्यांना झेप घेता येते, बुटक्यांकडे निदान कुऱ्हाडी तरी आहेत. चिखल्याकडे काय? ढेरी. बेडकासारखं तोंड, अंगावरून कायम ओघळणारा गाळ आणि म्हशीनंही लाजावं अशी चाल. त्याला पळता येत नाही. चालणं, थप्पड मारणं, गाळ फेकणं आणि एका जागी रुतणं, संपला कारभार. रुतला की त्याला कोणी हलवू शकत नाही. मरेपर्यंत.

आमच्या टोळीत त्याचा एकच उपयोग होता. अंगाशी आलं की त्याला दारात उभं करायचं आणि बाकीच्यांनी मागच्या वाटेनं सटकायचं. "दार कोण?" असं कप्तान विचारायचा आणि आम्ही खिदळत कुणातरी नवख्याला पुढे ढकलायचो. कप्तान म्हणजे आमचा सुपरवायझर, टोळी म्हणजे कारखान्यातल्या प्रेस शॉपमधली आमचीच शिफ्ट. दिवसभर पत्रे ठोकायचे, संध्याकाळी आपापल्या घरून राक्षस ठोकायचे. मी पंखवाली, तिरंदाज. माझ्यासारखा नेम टोळीत कुणाचा नव्हता.

मग माझ्या उजव्या हाताची मधली तीन बोटं प्रेसखाली गेली.

कसं झालं ते सरळ सांगते. पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या तोंडाशी सेन्सर असतो. हात आत असला की तो प्रेस खाली येऊ देत नाही. पण त्यानं काम हळू होतं. म्हणून सुपरवायझरनं स्वतःच्या हातानं सेन्सरला तार बांधली, म्हणजे हात आत असला तरी त्याला पत्ता लागू नये. मी बघितलं. शेजारच्या प्रेसवरच्या चिमणीनंही बघितलं. पोटाचा प्रश्न, दोघी गप्प बसलो.

दवाखान्यातून आले ती दादाकडेच. त्याचा जुना कॉम्प्युटर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, सिलिंडरशेजारी. मी तिथे पुन्हा गेम खेळायला बसले तेव्हा वहिनी म्हणाली, "बोटं गेली, खाज गेली नाही वाटतं." तिचं बोलणं असंच. पण माझ्या ताटातलं सगळं ती न सांगता बारीक करून द्यायची.

अंगठा आणि करंगळी, एवढ्यावर माउस धरला तर बाण आभाळात जातात. दोन दिवस आभाळ मारलं. मग रागारागात चिखल्या घेतला, कारण त्याला चारच बटणं लागतात आणि ती डाव्या हातानं जमतात. त्याचं ते ओलं थोबाड बघून शिसारी आली. हेडफोनमध्ये कप्तान हसला, "अरे वा, ताई गाळात! चला, दाराची चिंता मिटली." सगळे हसले. सवयीनं मीही हसले.

दारात उभं राहिलं की पळणाऱ्यांच्या फक्त पाठी दिसतात. पंखवाली असताना हे मला माहीत नव्हतं, मी कधी मागे वळूनच बघितलं नव्हतं. आणखी एक कळलं. रुतल्यावर चिखल्या गुणगुणतो. अगदी हळू, काम करता करता माणूस गुणगुणतं तसं. कुणी कधी ऐकलं नव्हतं, कारण त्याच्याजवळ थांबलंच होतं कोण? राक्षस त्याला फोडत असतात आणि हा गुणगुणत असतो. मला तो आवडायला लागला. आवडला म्हणण्यापेक्षा, त्याला हसणाऱ्यांचा मला राग यायला लागला.

एक दिवस चिमणीनंही चिखल्या घेतला. "ताई, एकट्याच कशाला मरता," म्हणाली आणि माझ्या शेजारी येऊन रुतली. आजवर कुठल्या शहाण्यानं दोन चिखले एकत्र घेतले नव्हते. दोघांचा गाळ एकमेकांत मिसळला, वर चढला आणि दार बुजलं. राक्षस धडका मारून मारून परत फिरले. चिमणी हेडफोनमध्ये किंचाळली, "ताई, उभ्या आहोत की गं आपण!"

त्याच आठवड्यात सुपरवायझर घरी आला. खुर्चीत बसला, पाणी प्याला, माझ्या बँडेजकडे बघायचं टाळत म्हणाला, "अपघाताची तपासणी करायला साहेब येतायत. तुम्ही एवढंच म्हणा, तार मीच बांधली, घाईत. स्टोअरमध्ये बसून करायचं काम देतो. कायमचं. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

"तुमच्या हाताला सगळी बोटं आहेत की," वहिनी ओट्याकडून म्हणाली.

तो गेल्यावर दादा म्हणाला, "घे गं ते काम. अशा हाताची तू, दुसरं कोण ठेवणार आहे तुला?"

दादाचं खोटं नव्हतं. पण माझ्या कानात एकच वाजत होतं. दार कोण?

तपासणी कॅन्टीनमध्येच झाली, प्रेसपर्यंत कुणी गेलंच नाही. मी खरं ते सांगितलं. तार कुणी बांधली, कधीपासून होती, सगळं. साहेबांनी विचारलं, "आणखी कुणी बघितलं?" मी चिमणीकडे बघितलं. ती स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

"नाही साहेब," ती म्हणाली. "मी माझ्या कामात होते."

दुपारपर्यंत माझं काम गेलं आणि चिमणी माझ्या प्रेसवर आली.

संध्याकाळी गेम उघडला तर टोळीतूनही माझी हकालपट्टी झालेली. माझा चिखल्या पडक्या किल्ल्याच्या दारात एकटाच उभा. थोड्या वेळानं दुसरा एक चिखल्या रखडत आला आणि शेजारी रुतला. गुणगुणायला लागला.

"तीच ना ही?" वहिनीनं मागून विचारलं.

"तीच."

"मग दे की एक थोबाडीत. बटण आहे ना त्याला?"

बटण होतं. बोट त्याच्यावरच होतं. तोंडात शिव्या अशा होत्या की दादानं मला घराबाहेर काढलं असतं. पण मी डाव्या हातानं एकेक अक्षर शोधून लिहिलं, "तार काढली?"

तिच्याकडून एकच शब्द उमटला. नाही.

सकाळी पहिल्या शिफ्टच्या आधी मी कंपनीच्या गेटवर जाऊन उभी राहिले. वॉचमन म्हणाला, "ताई, बाजूला व्हा, ट्रक यायचाय." मी बँडेजचा हात वर धरला आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले, "आधी तार बघा. तार काढा, मगच प्रेसला हात लावा." माणसं मान खाली घालून मला वळसा घालत होती. पुन्हा पाठीच पाठी.

चिमणी आली. थांबली. माझ्या हाताकडे बघत राहिली, तिचे ओठ हलले. आतून सुपरवायझर ओरडला, "ए चिमणे, मुहूर्त बघतेस काय?" ती गेली.

वॉचमननं माझा दंड धरला. मी टाचा रोवल्या. ट्रक हॉर्न देत राहिला.

थोड्या वेळानं आतून माझ्या प्रेसचा आवाज सुरू झाला. तो मला झोपेतही ओळखू येतो. ठोका पडायचा, मध्ये थोडी शांतता, पुन्हा ठोका. त्या शांततेत चिमणीचा हात आत असणार. मी कान देऊन उभी होते.